ही शिरूरकर कोण?

(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील महिला गटांच्या कार्यकर्त्यांसमोर लातूर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आजचा विषय ‘आडनाव’ असा जाहीर झाला, तेव्हा आपल्यातल्या दोघीतिघींनी विचारलं की ताई, मारहाण आहे, जमीन आहे, थकलेली मजुरी आहे, हे सगळं सोडून आडनावावर काय बोलायचं? शंका रास्त आहे. पण एम.एस.डब्ल्यू. करून मी या दोन जिल्ह्यांत काम करायला लागले त्याला आता दहा-बारा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत एकही केस अशी आली नाही जिच्या कागदावर पहिली अडचण नावाची नव्हती. मारहाणीची तक्रार असो, पोटगीचा अर्ज असो, रेशनकार्ड असो की बापाच्या शेतातला हिस्सा, समोरचा माणूस आधी विचारतो, ‘पूर्ण नाव सांगा.’ आणि बाई आपल्याकडे बघते. ‘कोणतं सांगू ताई? तिकडचं की इकडचं?’

पुरुषाला हा प्रश्न आयुष्यात एकदाही पडत नाही. म्हणून आज त्यावर बोलायचं. मोघम बोलण्यापेक्षा एकच आडनाव घेऊ. आपल्याच भागातलं, साधं. शिरूरकर.

नांदेडहून लातूरला येताना अहमदपूर मागे पडलं की शिरूर ताजबंद लागतं. लातूर जिल्ह्यातच शिरूर अनंतपाळ हा तालुका आहे. बीडमध्ये शिरूर कासार आहे. पुणे जिल्ह्यात घोडनदीच्या काठी आणखी एक शिरूर आहे. गावाच्या नावापुढे ‘कर’ लावला की आडनाव झालं. आपल्याकडे देगलूरकर आहेत, औसेकर आहेत, उदगीरकर आहेत. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात ज्यांनी पिढ्या घडवल्या ते नरहर कुरुंदकर म्हणजे कुरुंदा गावचे. राजकारणात पाटील इतके झाले की एक पाटील दुसऱ्यापासून ओळखू यावा म्हणून गाव जोडावं लागलं. शिवराज पाटील चाकूरकर, शिवाजीराव पाटील निलंगेकर. एकाला चाकूर मिळालं, एकाला निलंगा. पुरुषाचं नाव असं गावाला बांधलेलं असतं. तो दिल्लीला गेला तरी गाव त्याच्या मागे नावात येतं.

बाईचं गाव मात्र लग्नात सुटतं आणि नावातूनही सुटतं. ज्या गावात ती अठरा-वीस वर्षं राहिली त्याचा ‘कर’ तिला मिळत नाही. ज्या गावात ती कालच पाय ठेवते त्याचा मिळतो. शिरूरकर आडनावाच्या सगळ्या सुना दुसऱ्याच गावांच्या असतात.

आता दोन शिरूरकर बायकांची गोष्ट सांगते. एक सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. दुसरी फक्त मला आणि तिच्या गटातल्या बायकांना.

पहिली म्हणजे विभावरी शिरूरकर. १९३३ साली या नावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला. शिकलेल्या, कमावत्या, पण लग्न न झालेल्या मुलींच्या मनात काय चालतं, हुंड्यापायी बाप कसा वाकतो, मिळवत्या लेकीच्या पगारावर घर कसं चालतं आणि म्हणून तिचं लग्न कसं लांबतं, हे तोवर मराठीत कोणी बाईने असं उघड लिहिलं नव्हतं. पुढच्या वर्षी ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी आली. नवऱ्याने टाकलेली बाई दुसऱ्या पुरुषाबरोबर राहते, आई होते, असा तिचा विषय. गहजब झाला. टीका झाली, सभा झाल्या. आणि पुस्तकाइतकीच चर्चा झाली ती एका प्रश्नाची. ही शिरूरकर कोण? कुणाची मुलगी, कुणाची बायको? ही बाईच आहे की बाईच्या नावाने लिहिणारा पुरुष, इथपर्यंत तर्क गेले.

त्या होत्या बाळूताई खरे. जन्म १९०५. महर्षी कर्व्यांच्या संस्थेत शिकल्या आणि तिथेच शिकवत होत्या. वडील अनंतराव खरे शिक्षक. घोडनदीचं शिरूर हे त्यांच्या नोकरीचं गाव, म्हणून बाळूताईंच्या लहानपणाचं. लेकींना शिकवणाऱ्या या बापावर त्यांनी पुढे ‘खरेमास्तर’ हे पुस्तक लिहिलं. १९३८ साली विश्राम बेडेकरांशी लग्न झालं आणि त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. विश्राम बेडेकर हे स्वतः ‘रणांगण’ लिहिणारे कादंबरीकार. म्हणजे घरात दोन कादंबरीकार, पण वाचकांच्या कपाटात एक बेडेकर आणि एक शिरूरकर.

तीन नावं, बाई एक. खरे हे बापाचं. बेडेकर हे नवऱ्याचं. शिरूरकर हे तिसरं, जे कुणी दिलं नाही, तिनं घेतलं. आणि ते माहेरच्या कुळाचं नाही, सासरचं नाही, ज्या गावात वाढली त्याचं आहे. जो ‘कर’ बाईला कधी मिळत नाही तो तिनं परस्पर घेतला.

याच बाळूताई खऱ्यांनी १९३० च्या सुमारास ‘स्त्रियांच्या हक्कांची सुधारणा’ हे पुस्तक स्वतःच्या नावाने लिहिलं होतं. हक्क, कायदा, धर्मशास्त्र यावर बाईने स्वतःच्या नावाने बोललेलं समाजाला चालत होतं. मुलीच्या मनाबद्दल, शरीराबद्दल, बापाच्या स्वार्थाबद्दल बोलायचं झालं तेव्हा मात्र नाव झाकावं लागलं. का? कारण त्या नावावर एकटी बाळूताई नव्हती. त्या नावावर बाप होता, बहिणी होत्या, बहिणींची लग्नं होती, नोकरी होती. बाईने काही केलं की ‘घराण्याचं नाव’ जातं, असं म्हणतात ना, त्याचा अर्थ एवढाच की नाव तिच्या मालकीचं नसतं. तिला ते वापरायला दिलेलं असतं, जपून वापरायच्या अटीवर.

हे आपल्याकडेच झालं असं नाही. इंग्लंडात ब्राँटे नावाच्या तीन बहिणी होत्या. शार्लट, एमिली आणि ॲन. तिघी लिहीत होत्या. १८४६ साली त्यांचं पहिलं पुस्तक निघालं ते ‘बेल’ या आडनावाने, आणि पहिली नावंही अशी घेतली की लिहिणारा बाई की पुरुष ते कळू नये. १८४७ साली ‘जेन एअर’ आली तेव्हा तिथेही हाच प्रश्न. हा बेल कोण? गंमत अशी की ज्या ब्राँटे नावाची अब्रू राखायची होती ते आडनाव त्यांच्या बापाने स्वतःच बदलून घेतलेलं होतं. आयर्लंडातल्या गरीब घरातला हा मुलगा मूळचा ब्रंटी. केंब्रिजला शिकायला गेला आणि ब्राँटे झाला. त्याला कोणी विचारलं नाही, तू कोण म्हणून. पुरुषाने आडनाव बदललं तर ती प्रगती, बाईने बदललं तर लबाडी. आणि त्याच इंग्लंडात १८८२ चा कायदा होईपर्यंत लग्न झालेल्या बाईची मिळकत बहुतेक सगळी नवऱ्याच्या हाती जात होती. नाव आणि मिळकत ही जोडगोळी जुनी आहे, हे ध्यानात ठेवा. पुढे त्यावरच यायचं आहे.

आता दुसरी शिरूरकर. तिची ओळख लागू नये म्हणून गाव आणि काही तपशील मी बदलून सांगते.

मुखेड तालुक्यातली मुलगी. सातवीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली. एकोणिसाव्या वर्षी लातूर जिल्ह्यातल्या शिरूरकरांच्या घरी दिली. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहिलं, म्हणजे पहिलं नावही बदललं. हे आपल्याला इतकं सवयीचं आहे की त्यात काही गेलं असं वाटतही नाही. अहो, रमाबाई रानडे यासुद्धा लग्नाआधी यमुना कुर्लेकर होत्या. एकाच दिवशी पहिलं, मधलं आणि शेवटचं अशी तिन्ही नावं गेली, तर त्या माणसाचं काय उरलं?

सहा वर्षांनी नवऱ्याने दुसरी केली. ही लेकराला घेऊन माहेरी आली. ना सोडचिठ्ठी, ना पोटगी. पुढं बाप वारला. तीन एकर जमीन होती. दोघा भावांनी वारसाचा अर्ज दिला तो आई आणि आपण दोघे एवढ्यांचाच. बहीण नाही. आम्ही हरकत घेतली तेव्हा भावाचं उत्तर आलं, ‘ही आमच्या घरातली नाही. आमचं आडनाव वेगळं. ही शिरूरकर कोण?’

बघा, प्रश्न तोच. १९३३ साली पुण्या-मुंबईचे वाचक विचारत होते तोच. पण पहिलीने ते आडनाव आपणहून घेतलं होतं, लपण्यासाठी, आणि त्यामुळे तिला बोलता आलं. दुसरीवर ते लादलेलं होतं, आणि त्यामुळे तिचं तोंड बंद करता आलं. आडनाव एकच. फरक कशात? ठरवलं कुणी, यात.

तिचे कागद काय होते ते सांगते, कारण तुमच्या प्रत्येकीच्या गावात अशी एक बाई आहे. शाळेच्या रजिस्टरला माहेरचं नाव. आधार आणि बँकेचं पासबुक शिरूरकर. मतदारयादीत नाव सासरच्या गावात. रेशनकार्डावर सासरीच, आणि ते कमी केल्याचा दाखला सासरचे देईनात, त्यामुळे माहेरच्या कार्डावर चढेना. एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत सहा महिने गेले. प्रत्येक ठिकाणी सांगायचं की दोन्ही नावांची बाई मीच. प्रतिज्ञापत्र करायचं, त्याचा खर्च, त्या दिवसाची मजुरी बुडाली ती वेगळी. आधारवर नाव दुरुस्त करावं म्हटलं, तर ते आयुष्यात दोनदाच करता येतं, पुढे खास मंजुरी लागते. लग्नात एकदा बदललं, आता एकदा. म्हणजे बाईच्या नशिबात चढउतार किती यावेत, हेही कोट्यात बसवलेलं आहे.

अखेर कामाला आला तो शाळेचा निर्गम उतारा. सातवीपर्यंतच शिकलेली, पण त्या रजिस्टरात बापाचं नाव, गाव, जन्मतारीख होती. शाळेचा उतारा, सरपंच आणि पोलीस पाटलाचा दाखला, नात्यातल्या दोन म्हाताऱ्या माणसांचे जबाब, एवढ्यावर वारस म्हणून तिची नोंद झाली. आम्ही पेढे वाटले. मग सातबारा हातात आला. त्यावर बापाच्या जमिनीत तिचं नाव कसं लागलं होतं? तिचं नाव, पुढे ‘भ्र.’, पुढे त्या सोडून दिलेल्या नवऱ्याचं नाव, शिरूरकर.

‘भ्र.’ म्हणजे भ्रतार. मराठवाड्यातल्या बायकांना हे अक्षर सांगायला नको. पुरुषापुढे ‘पि.’ लागतं, पित्याचं. बाईपुढे ‘भ्र.’. बापाचं शेत, लेक वारस, आणि हक्काच्या कागदावर मधोमध नवरा बसलेला. ती बाई मला म्हणाली, ‘ताई, त्यानं मला एक दिवस सांभाळलं नाही, अन् माझ्या बापाच्या रानात तो काहून?’ या प्रश्नावर एक अख्खं शिबिर घेता येईल. आम्ही दुरुस्तीचा अर्ज दिला. ‘भ्र.’ काढून ‘पि.’ लावायला आणखी चार महिने लागले.

आता कायदा काय म्हणतो ते नीट ऐका. नवऱ्याचं आडनाव लावलंच पाहिजे असा कुठलाही कायदा या देशात नाही. ती रूढी आहे. आणि आडनाव बदललं म्हणून लेकीचा हक्क जातो असंही कुठे नाही. महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाबरोबर आणलं, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अटही गेली. २०२० साली विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हा हक्क जन्माने आहे, २००५ साली बाप हयात होता की नव्हता यावर तो ठरत नाही. जन्माने आहे, म्हणजे लग्नाने जात नाही. मग तांदळात लिहिलेल्या नावाने कसा जाईल?

पण व्यवहारात तो जातो. हक्कसोडपत्रावर सही घ्यायला भाऊ येतो तेव्हा कायद्याचं बोलत नाही. तो म्हणतो, ‘बाई, तू आता त्या घरची.’ आणि पुरावा म्हणून तिचंच नाव दाखवतो. सासरी हक्क मागितला तर म्हणतात, ‘परक्याची लेक.’ नव्वदच्या सुमाराला शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मी मुक्ती’ची मोहीम काढली, नवऱ्याने आपल्या जमिनीत बायकोचं नाव लावावं म्हणून. १९९२ साली सरकारनेही तशी योजना आणली. चांगली गोष्ट. पण तीही नवऱ्याने मनावर घेतलं तरच. एका घरचं नाव मिटलेलं आणि दुसऱ्या घरचं उसनं. आडनाव बदलण्यात काय बिघडलं, असं विचारणाऱ्यांना हे सांगा.

काही मैत्रिणी म्हणतील की मग आडनावच टाकून द्या. सत्तरच्या दशकात चळवळीतल्या अनेक मुलामुलींनी तसं केलं. आडनावावरून जात कळते, म्हणून नुसतं स्वतःचं आणि आईवडिलांचं नाव लावायचं. मला त्या भूमिकेबद्दल आदर आहे. पण मराठवाड्यात हा प्रश्न एवढा सोपा नाही. नावासाठी माणसं मेलेला हा प्रदेश आहे. १९७८ च्या जुलैमध्ये विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि दलित वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळे यांना मारलं. नामांतर व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. तेव्हा ‘नावात काय आहे’ असं निदान आपल्याकडे कुणी म्हणू नये.

विभावरी शिरूरकरांकडेच पुन्हा बघा. त्या सोलापूरला गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीत अधिकारी होत्या. तारेच्या कुंपणातली वस्ती, रोजची हजेरी. १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातीच्या कपाळावर गुन्हेगार असं लिहिलं होतं, आणि तो कायदा १९५२ साली रद्द झाला. त्या अनुभवावर त्यांनी ‘बळी’ ही कादंबरी लिहिली. ती आली १९५० साली, म्हणजे ते कुंपण अजून उभं असताना. बाळूताईंना नाव झाकता येत होतं. कुंपणाच्या आतल्या बाईला नाव झाकता येत नव्हतं, कारण तिचं नाव सरकारच्या रजिस्टरात आधीच गुन्हा म्हणून लिहिलेलं होतं. आडनाव टाकता येणं हीसुद्धा सगळ्यांना परवडणारी गोष्ट नाही. वरच्या जातीच्या मुलीने आडनाव गाळलं तर ती पुरोगामी ठरते. दलित मुलीने गाळलं तर भाडेकरू म्हणून खोली दाखवणारा पुन्हा विचारतो, ‘पूर्ण नाव?’ आणि सवलतीच्या कागदाला तर ते लागतंच.

त्याचाही एक फास बघा. जात जन्माने, म्हणजे बापाकडची धरतात. म्हणून बाईचा जातीचा दाखला माहेरच्या नावाचा आणि मतदारयादीतलं नाव सासरचं. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत ५० टक्के जागा बायकांच्या झाल्या. राखीव जागेवर बाई उभी राहिली की छाननीच्या दिवशी हरकत येते, दाखल्यावरची बाई आणि यादीतली बाई एकच कशावरून? निवडणुकीला उभ्या असलेल्या कुठल्या पुरुषाला हे सिद्ध करावं लागलं आहे?

आणि अगदी अलीकडचं. लाडकी बहीण योजनेत सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी आली. बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचं किंवा बापाचं आधार मागितलं. ज्यांचा बापही नाही आणि नवराही नाही त्यांनी काय करायचं? ओरड झाल्यावर विधवांना मृत्यूचा दाखला आणि घटस्फोटितांना कोर्टाचा आदेश देण्याची वाट निघाली. पण परित्यक्तेकडे काय असतं? तिचा नवरा मेलेला नाही आणि तिचा घटस्फोटही झालेला नाही. तो नुसता नाही. नसण्याचा दाखला कोणती कचेरी देते? योजनेचं नाव बहीण आहे, पण कागद भावाला ओळखत नाही, नवऱ्याला ओळखतो.

सगळंच काळं आहे असं मी म्हणत नाही. ११ मार्च २०२४ ला राज्याच्या मंत्रिमंडळाने ठरवलं की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम राहील. नऊ महिने पोटात वाढवणारीचं नाव कागदावर यायला एवढी वर्षं लागली, पण आलं. त्याच निर्णयात विवाहित बाईच्या नावाची पद्धत मात्र जुनीच ठेवली. तिचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव. मिळकतीच्या कागदावर लग्नाआधीच्या नावाने नोंद करण्याची मुभा तेवढी दिली. ही मुभा फार कामाची आहे आणि आपल्या गावांत ती फार थोड्या बायकांना माहीत आहे. ती पोचवणं हे आपलं काम.

मग करायचं काय? सगळ्यांनी माहेरचं आडनाव ठेवा, असं मी सांगणार नाही. माहेरचं आडनावही शेवटी बापाचंच, म्हणजे पुरुषाचंच. कुणाला नवऱ्याचं प्रेमाने लावायचं असेल, लावू दे. कुणाला आईचं नाव लावायचं असेल, लावू दे. कुणाला विभावरीबाईंसारखं आपल्या गावाचं घ्यायचं असेल तर तेही घेऊ दे. आपली मागणी दोनच गोष्टींची आहे. तिचं नाव तिनं ठरवावं. आणि नाव बदललं म्हणून तिचं घर, शेत, मत आणि पैसा यातलं काही बुडू नये.

त्यासाठी गावात आपल्याला करता येईल अशी पाच कामं सांगते.

एक. गटाच्या रजिस्टरात बाईचं नाव तिला विचारून लिहा. लग्नाआधीचं नाव, गाव आणि शाळा यासाठी शेजारी एक रकाना ठेवा. दहा वर्षांनी एखादीला हाच रकाना उपयोगी पडेल.

दोन. मुलीचं लग्न ठरलं की तिच्या शाळेच्या निर्गम उताऱ्याची आणि जातीच्या दाखल्याची प्रत तिच्या स्वतःच्या पेटीत ठेवायला सांगा. दागिना मोडता येतो, नेता येतो. हा कागद मोडून कुणाला काही मिळत नाही, म्हणून तो टिकतो.

तीन. लग्न झालं की लगेच आधार बदलायची घाई करू नका. कायद्याने सक्ती नाही, आणि बदलाची संधी दोनदाच आहे. ती बाईच्या मर्जीने वापरली जावी.

चार. बाप वारला की वारसाच्या अर्जात सगळ्या लेकींची नावं आहेत का, ते गटाने बघायचं. फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकतीला पंधरा दिवस असतात. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण नोटीस चावडीवरच लागते. ती वाचायला आठवड्यातून एक जण जात जा.

पाच. बापाच्या जमिनीत लेकीच्या नावापुढे ‘भ्र.’ लागलेलं दिसलं तर ‘पि.’ लावण्याचा अर्ज द्या, किंवा आईचं नाव लावण्याचा. एकीने दिला तर कारकून हसतो. एका तालुक्यातून शंभर जणींनी दिले तर तो वरिष्ठांना विचारतो.

विभावरीबाई २००१ पर्यंत जगल्या. १९८१ साली मुंबईत समांतर साहित्य संमेलन झालं, तेव्हा अध्यक्ष म्हणून त्या उघडपणे व्यासपीठावर होत्या. ज्या नावामागे त्या एकेकाळी लपल्या होत्या, त्याच नावाने लोक त्यांना मान देत होते. लपण्यासाठी घेतलेलं नाव हक्काचं झालं, कारण ते त्यांनी स्वतः घेतलं होतं आणि स्वतःच्या कामाने मोठं केलं होतं. त्यांना कुणीही ते परत मागू शकलं नाही.

मुखेडकडच्या आपल्या मैत्रिणीचा दुरुस्त सातबारा गेल्या वर्षी आला. तिच्या नावापुढे आता बापाचं नाव आहे आणि तीन एकरातला तिचा वाटा आहे. आडनावाचं काय करायचं, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, ‘राहू द्या शिरूरकर. लेकराच्या शाळेत तेच आहे. पण रान माझ्या बापाचं आहे, हे कागदावर आलं ना, बस झालं.’

तिनं ठेवलं. कुणी ठेवायला लावलं नाही, तिनं ठेवलं. आपल्याला एवढंच हवं आहे.